पहिला पूल कुठे गेला?

आमच्या बाबांनी सगळी नोकरी टेलिफोन खात्यात काढली, आणि स्वतः फोनवर कधी दोन वाक्यांच्या वर बोलले नाहीत. "फोन कामापुरता असतो," हे त्यांचं ठाम मत. मी जपानला आल्यावर तरी बदलतील असं वाटलं होतं, पण कसलं काय! मी फोन केला की, "कशी आहेस? थंडी आहे का? बरं. थांब, आईला देतो." संपलं. मग आई तासभर बोलायची, आणि मधूनच "बाबा म्हणतायत, छत्री घेऊन जात जा" असं त्यांच्या वतीनंही बोलून टाकायची. बाबा काहीएक म्हणत नसायचे, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मग आई गेली. दिवसकार्य उरकून मी परत आले आणि पहिल्याच फोनला बाबा सवयीनं म्हणाले, "बरं. थांब, आईला..." थोड्या वेळानं त्यांनी फोन ठेवला. मी तेव्हा कावासाकीच्या ऑफिसात कॉफीच्या मशीनपाशी उभी होते. कप भरला होता. तो तसाच तिथं विसरून मी जागेवर जाऊन बसले.

मी एकुलती एक. लग्न झालं होतं, ते टिकलं नाही. ती गोष्ट लांबलचक आणि कंटाळवाणी आहे, ती इथं नको. फुनाबोरीला एका खोलीत राहते. आजूबाजूला आपली माणसं पुष्कळ आहेत, पुण्या-मुंबईची, पण सगळी जोडप्यानं आणि पोराबाळांसकट. संक्रांतीला आठवणीनं बोलावतात, तिळगूळ देतात, आणि मग गप्पा मुलांच्या शाळेवर आणि शाळेच्या बसवर जातात. मी थोडा वेळ माना डोलावते, चार बश्या विसळून ठेवते आणि घरी येते.

तर बाबा. ते आता पुण्याच्या फ्लॅटमध्ये एकटे, आणि मी इथं एकटी. मी रोज फोन करायचे, पण माझा फोन म्हणजे निव्वळ चौकशी आयोग. गोळ्या घेतल्या? बीपी किती आलं? फिरायला गेलात? मग का नाही गेलात? आणि बाबांची उत्तरं ठरलेली. हं. बरं. ठीक. त्यांचं ते 'हं' आलं की समजायचं, दार लागलं.

एके दिवशी स्वयंपाकाच्या मावशींनी मलाच फोन केला. "ताई, साहेब दिवसच्या दिवस तोंड उघडत नाहीत हो. काल दूधवाल्याला 'उद्या नको' म्हणायला गेले, तर आवाजच फुटेना. नुसता हात हलवला." न बोलून बोलून माणसाचा आवाज जाऊ शकतो, हे मला कुणी पटवून द्यायची गरज नव्हती. सोमवारी सकाळी ऑफिसात 'ओहायो गोझाइमास' असं सुप्रभात म्हणताना माझाही आवाज घोगरा येतो, कारण शुक्रवारनंतर तो वापरलेलाच नसतो. पण माझं सोडा. बाबांचं वय झालेलं, त्यात एकटे. असेच मिटत गेले तर एक दिवस मी फोन करीन आणि पलीकडे कुणी नसल्यासारखंच होईल, ही भीती मला तेव्हापासून लागली ती लागलीच.

ते बदललं गाडीमुळे, आणि तेही चुकून.

इथल्या गाडीत फोनवर बोलत नाहीत. तसं लिहिलेलं असतं, मधूनमधून एक बाई गोड आवाजात बजावतेही, पण खरं तर कुणी सांगायची गरज पडत नाही. डबा गच्च भरलेला असला तरी हाताची घडी, तोंडावर बोट. कुणाचा फोन वाजलाच तर तो माणूस चोरी पकडल्यासारखा ओशाळतो. माझ्यासारख्या बडबड्या बाईच्या ही शांतता सुरुवातीला फार डोक्यात जायची. त्यात माझ्या शेजारची जागा बऱ्याचदा रिकामी राहायची. माणसं दांडीला धरून उभी राहतील, पण परक्या बाईशेजारी टेकणार नाहीत. आधी राग यायचा. मग मी हळूच स्वतःच्या कपड्यांचा वास घेऊन बघायला लागले, फोडणीचा येतो की काय म्हणून. पुढे तोही नाद सोडला आणि खुशाल शेजारी पर्स ठेवायला लागले.

त्या संध्याकाळी ऑफिसातून निघताना बाबांना फोन लावला होता. इथं अंधार पडलेला असतो तेव्हा पुण्यात चहाची वेळ. गोळ्यांपर्यंत आले होते तोवर कावासाकीच्या फलाटावर गाडी आली, मागच्या गर्दीनं मला आत घातलं, आणि कानातला फोन चालूच. मी तोंडावर हात धरून पुटपुटले, "बाबा, गाडीत आहे. इथं बोललेलं चालत नाही. ठेवते."

"तू नको बोलूस मग," बाबा म्हणाले. "मी बोलतो की."

मला वाटलं, राँग नंबर लागला.

"आज मोहरी सापडेना," बाबांनी सुरुवात केली. "मावशी आल्या नव्हत्या, म्हटलं आपणच आमटी करू. तर तुझ्या आईनं मोहरी ठेवलीय कुठे, तर चहाच्या डब्यात. आणि चहा बोर्नव्हिटाच्या बरणीत. अगं, मी चाळीस वर्षं या घरात राहतोय आणि मला काही म्हणजे काही ठाऊक नाही!" तेवढ्यात गाडी तामा नदीच्या पुलावर चढली आणि खडाडखड असा लोखंडी आवाज सुरू झाला. बाबा थांबले. "पूल आहे वाटतं. काय गं, ऐकतेयस ना? हुंकार तरी दे, नाहीतर भिंतीशी बोलल्यासारखं होतं."

आता आली का पंचाईत! लहानपणी आई गोष्ट सांगायची तेव्हाही हाच नियम, हुंकार थांबला की गोष्ट थांबली. पण समोर सुटातले दोन गृहस्थ डोळे मिटून उभे, त्यांच्या नाकासमोर मी 'हं हं' कशी करणार? शेवटी इयरफोनच्या वायरीवर जो छोटा माइक असतो, त्यावर नखानं वाजवलं. टक.

"हा तुझा हुंकार?" टक. "आणि नाही म्हणायचं असेल तर?" टक टक. "झकास," बाबा म्हणाले, आणि आमटीत मीठ दोनदा कसं पडलं ते सांगायला लागले.

अकिहाबाराला उतरून पुढची भुयारी गाडी धरायला थोडं रस्त्यानं चालावं लागतं. रस्त्यावर बोलायला बंदी नाही. मी कधीची तुंबलेली, बाहेर येताच म्हणाले, "बाबा, मीठ जास्त झालं आणि तरी तुम्ही ती आमटी खाल्लीत? बीपीचं काय?" पलीकडे लगेच, "हं. बरं. ठीक आहे, ठेवतो." संपला कार्यक्रम. त्या दिवशी माझ्या टाळक्यात उजेड पडला की बाबांना बोलता येत नाही असं नव्हतं. त्यांच्या बोलण्यात कुणी ना कुणी आडवं येत होतं, आणि हल्ली ती मी होते. दुसऱ्या दिवसापासून मी त्या रस्त्यावरही मूग गिळून चालायला लागले. माझ्यासारखीनं हे करणं म्हणजे काय, ते मला ओळखणाऱ्यांनाच कळेल.

मग रोजचं झालं. मी कावासाकीला गाडीत शिरायचे आणि बाबा चहाचा कप घेऊन बसायचे. पहिला पूल लगेच यायचा, तो आला की ते म्हणायचे, "हं, निघालीस." शेवटी भुयारी गाडी जमिनीबाहेर येऊन अराकावा नदीच्या लांबलचक पुलावर चढायची, की ते गोष्ट आवरती घ्यायचे, कारण दुसऱ्या पुलानंतर माझं फुनाबोरी. घोषणा ऐकून ऐकून त्यांना 'त्सुगी वा' म्हणजे 'पुढचं स्टेशन' हेही समजायला लागलं. "मावशी, त्सुगी वा चहा," असं एकदा त्यांनी मावशींना सांगितलेलं मी ऐकलं, आणि डब्यात खुदकन हसले. समोरच्या आजींनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, मी मान लववून माफी मागितली.

काय काय सांगायचे! पावसाळ्यात केबलमध्ये पाणी शिरलं की कानाला रिसीव्हर लावून नुसत्या खरखरीवरून बिघाड कसा ओळखायचा. खालच्या मजल्यावरचे काका बागेत न जाता भजी खायला कसे जातात. आईला पहिल्यांदा बघायला गेले तेव्हा तिनं यांना एकच प्रश्न विचारला होता, "तुम्ही बोलत नाही का?" आणि हे म्हणाले, "लागेल तेव्हा बोलतो." मोठी माणसं हसली, आई नाही हसली म्हणे. एकदा मध्येच म्हणाले, "ती बोलायची आणि मी हुंकार द्यायचो. एवढंच होतं आमचं. आता हं तरी कुणाला म्हणू?" मी माइकवर बोट ठेवून बसले. टक करायचं सुचलं नाही. खिडकीत बघून डोळे पुसले, बाहेर बोगद्याची भिंत होती, तरी बघत राहिले.

मावशींचा पुन्हा फोन आला. साहेब आता दूधवाल्याशी भांडतात म्हणाल्या. माझा जीव भांड्यात पडला.

आणि नेमका तेव्हाच ऑफिसात प्रोजेक्ट बदलला. नव्या टीमचं सगळं काम घरून. आमचे साहेब-सान, म्हणजे जपानी बॉस, मोठी खूशखबर द्यावी तसे म्हणाले, आता रोजच्या प्रवासाचा त्रास वाचला. मी वाकून आभार मानले. मनात म्हटलं, अरे बाबा, तो त्रासच काय तो माझा होता.

पहिल्या दिवशी घरून फोन केला, त्याच वेळी. "बाबा, आज घरीच आहे." "का? बरं नाही?" "बरी आहे. तुम्ही बोला ना." "काय बोलू? तू बोल." मी बोलले. म्हणजे काय, गोळ्या, बीपी, फिरणं. हं. बरं. ठीक. दुसऱ्या दिवशी ठरवून तोंड बंद ठेवलं, तर म्हणाले, "काय गं, रागावलीस का?" गाडीत मी गप्प असायचे ते नाइलाजानं, आणि त्या गप्पपणाचं त्यांना ओझं नव्हतं. खोलीतल्या गप्प बसण्याचा त्यांना त्रास व्हायला लागला. आठवडाभरात सगळं होतं तिथं आलं. आवाज पुन्हा बसल्यासारखा येत होता.

मग मी एक वेडेपणा केला. संध्याकाळी लॅपटॉप मिटला, ऑफिसचे कपडे चढवले, फुनाबोरीला गाडीत बसले, अकिहाबाराच्या अलीकडे जिथून रोज भुयारी गाडी धरायचे त्या स्टेशनात उतरले, तशीच समोरच्या फलाटावर गेले आणि परतीच्या गाडीतून बाबांना फोन लावला. "गाडीत आहेस?" टक. "वा!" आणि सुरू. मध्ये जणू काही झालंच नव्हतं. पूल आला, त्यांनी आवरतं घेतलं, मी उतरून फाटकावर कार्ड टेकवलं, तर फाटक धाडकन बंद. ज्या स्टेशनात आत शिरलो तिथंच बाहेर पडायचं म्हटलं की कार्ड चालत नाही, हे मला कुठे माहीत! खिडकीतल्या माणसानं अदबीनं विचारलं, "कुठपर्यंत गेला होतात?" काय सांगू? काहीतरी विसरलं होतं, म्हटलं. त्यानं कार्ड ठीक करून दिलं आणि वर 'काळजी घ्या' म्हणाला. त्या दिवशी माझ्याशी प्रत्यक्ष कुणी बोललेलं तेवढंच. घरी येऊन मी ते दोन शब्द मनात दोन-चारदा घोळवले, इतकी वाईट वेळ आली होती.

दुसऱ्या दिवसापासून मी तिकडे रीतसर बाहेर पडायचे, कोन्बिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, एक भाताचा गोळा घ्यायचे, आणि ऑफिसातून दमूनभागून परतणाऱ्या माणसासारखी पुन्हा आत शिरायचे. भोवती खरोखर परतणारी माणसं असायची. त्यांच्यात उभी राहून मला आपणही कुठून तरी परततोय असं वाटायचं. बाबांना काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर "उगीच कशाला" म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवशीच बंद पाडलं असतं.

असा हिवाळा गेला. एका संध्याकाळी बाबा सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवरून बोलत होते, ते मध्येच थांबले.

"एक विचारू?"

टक.

"हल्ली पहिला पूल कुठे गेला?"

माझं नख तसंच राहिलं.

"तू बसलीस की लगेच एक पूल यायचा. लोखंडी. मग बराच वेळ साधी गाडी, मग तू रस्त्यानं चालायचीस, मग भुयार, मग दुसरा पूल. हल्ली पूल नाही, चालणं नाही, सरळ भुयारच. अगं, मी लाइनी ऐकून बिघाड शोधायचो. मला काय कळत नाही होय? ऑफिसला जातेस का?"

टक टक.

"नोकरी आहे ना?"

टक.

"घरून असते?"

टक.

"मग गाडीत कशाला बसतेस? माझ्यासाठी?"

समोर शाळेच्या गणवेशातली एक मुलगी दप्तर मांडीवर घेऊन झोपली होती. तिच्या बुटांकडे बघत मी एकदा वाजवलं. पलीकडे बाबा काही बोलेनात. गाडी भुयारातून वर आली, पुलावर चढली, खाली काळी नदी आणि पलीकडे घरांचे दिवे. मला वाटलं, झालं. गेलं हेही. आता उद्यापासून हं, बरं, ठीक.

"मावशींनी तुझ्याकडे माझी चुगली केली ना," बाबा हळू आवाजात म्हणाले, "साहेब दिवसभर बोलत नाहीत म्हणून? मला ठाऊक आहे. तुझ्याकडे कोण येतं गं चुगली करायला? तू दिवसभर कुणाशी बोलतेस?"

याला एक टक नव्हतं, दोनही नव्हते. मी माइक बोटांत धरून बसून राहिले. बाईनं 'त्सुगी वा फुनाबोरी' म्हटलं. "जा, उतर," बाबा म्हणाले. "उद्या घरूनच फोन कर."

दुसरा दिवस माझा फार वाईट गेला. मीटिंगमध्ये लक्ष लागेना. वेळ झाली तशी चपला घालून दारापर्यंत गेले सुद्धा, मग परत आले आणि जमिनीवर बसून फोन लावला. खोलीत फक्त फ्रिजचा आवाज.

"घरून ना?"

"हो."

"बरं."

आता गोळ्या विचारू की काय, म्हणून मी जीभ दाताखाली धरली. "बाबा, बोला ना हो काहीतरी."

"मी नाही बोलणार आज," बाबा म्हणाले. "आज तू बोलायचं. मला बोलणं आत्ता आत्ता यायला लागलंय. हुंकार मात्र चांगला देता येतो. आईला विचा..."

ते थांबले. कपबशीचा आवाज आला. "जन्मभर दिलेत," ते म्हणाले. "चल, सुरू कर."

"पण काय बोलू?"

"मोहरीपासून सुरू कर. मी तिथूनच केली होती."

"माझ्याकडे मोहरीच नाही, बाबा," मी म्हटलं. "कधीची संपली. फोडणीच करत नाही मी. एकटीसाठी कोण करतं? खालच्या दुकानातलं आणते आणि उभ्यानंच खाते."

"हं."

आयुष्यभर हे 'हं' ऐकून मी फोन ठेवत आले होते. आज ठेवला नाही, तर पलीकडे ते वाट बघत असलेले ऐकू आले. श्वास, घड्याळ, खुर्चीची कुरकुर, सगळं. आई या 'हं'पुढे तासन्‌तास कशी बोलायची ते मला कळलं.

"शुक्रवारी काम संपलं ना, बाबा, की सोमवारपर्यंत मला कुणी हाकच मारत नाही," मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं. "मला इथं फार एकटं वाटतं हो."

"हं," बाबा म्हणाले.

मग मी पुढचं सांगितलं.